पाचवा पंच

आमच्या साप्ताहिकात चित्रपटाचं परीक्षण आलं की त्याच्या खाली पाच सह्या असत. ज्याला सही येत नसेल त्याच्या नावापुढे 'निशाणी डावा अंगठा' असं छापावं लागे. हे महाडात चालायचं, आणि साप्ताहिक माझं होतं. म्हणजे मालक मी, संपादक मी, खिळे जुळवणारा मी आणि लोकांच्या शिव्या खाणाराही मीच. चार पानं. त्यात भाताचा भाव, दासगावच्या लाँचची वेळ, हरवलेल्या बैलांच्या जाहिराती, कुणाच्या मुंजी, कुणाचे तेरावे, आणि तिसऱ्या पानावर खालच्या बाजूला चित्रपटाचा पंचनामा.

पंचनामा हा माझा शब्द नाही. तो मोजणीदारांचा. ते सरकारी मोजणी खात्यात होते, कुलाबा जिल्ह्याच्या या टोकाला बदलून आलेले. दिवसभर साखळी ओढत डोंगर-दऱ्यांतून बांध मोजायचे आणि संध्याकाळी नदीकाठच्या मैदानातल्या तंबूत चित्रपट बघायचे. नाव छापायचं नाही अशी त्यांची अट होती. ती मी आजही पाळतो आहे, कारण मजकुरात हात घालायचा नाही ही त्यांची दुसरी अट मी मोडली आहे, आणि एका माणसाच्या दोन अटी मोडणं बरं नव्हे.

पहिल्या दिवशी ते छापखान्यात आले तेव्हा मला वाटलं, वाटणीची जाहिरात असेल. त्यांनी कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, "संपादक, चित्रपट दोन प्रकारचे असतात. काही खोताचे, काही कुळाचे."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"खोत स्वतः नांगर धरत नाही. पैसा त्याचा, घाम दुसऱ्याचा, आणि पीक त्याच्या दारात. मोठ्या कंपन्यांचे चित्रपट तसले. कूळ स्वतः कसतं. एखादा एकटा माणूस कुठून तरी कॅमेरा आणतो, मित्रांना उभं करतो, आणि उन्हातान्हात चित्रपट काढतो. त्याची नोंद कुठेच होत नाही. सात-बाऱ्यावर नाव नाही म्हणजे कसणारा नव्हताच असं होतं का?"

त्या दिवसांत खोती नुकतीच गेली होती, आणि कुळांची नावं लावण्यावरून गावोगाव डोकी फुटत होती. त्यामुळे मला त्यांचं म्हणणं लगेच कळलं. कळलं म्हणून छापलं असं नाही. त्या आठवड्यात तिसरं पान रिकामं होतं.

असले एकट्यादुकट्याचे चित्रपट महाडात यायचे ते तंबूवाल्याच्या कंजूषपणामुळे. मोठ्या चित्रपटाच्या रिळांची पेटी शुक्रवारी यायची. मधल्या सोमवार-मंगळवारी तंबू रिकामा ठेवायचा त्याच्या जिवावर येई, म्हणून तो कुणी न घेतलेली पेटी स्वस्तात आणायचा. त्या दिवशी तंबूत वीस-पंचवीस माणसं असत. त्यातली निम्मी, घरात भांडण झालं म्हणून आलेली. बाकीचे तिथे झोपायला येत. आणि मोजणीदार.

ते प्रत्येक चित्रपट तीनदा बघत. पहिल्यांदा समोरून, सगळ्यांसारखा. दुसऱ्यांदा पडद्याच्या मागे बसून. यावरून तंबूवाल्याशी त्यांचं कायम वाजायचं.

"अहो, मागे साप निघतात," तो ओरडायचा. "आणि उलटं काय दिसतं तुम्हाला?"

"मागून सगळी माणसं डावखुरी दिसतात," मोजणीदार शांतपणे म्हणायचे. "डावखुऱ्या माणसाचं दुःखही पटलं, तर ते खरं."

तिसऱ्यांदा ते आतच जायचे नाहीत. तंबूबाहेर शेंगावाल्याच्या गाडीपाशी उकिडवे बसून नुसता ऐकायचे. तिन्ही वेळचं तिकीट काढायचे. बाहेर बसून तिकीट काढणारा हा एकच इसम आपण पाहिला, असं तंबूवाला मरेपर्यंत सांगत होता.

जी जमीन पायाखालून गेली नाही तिच्यावर लिहायचं नाही, हा त्यांचा धंद्याचा कायदा. तो त्यांनी चित्रपटांनाही लावला. एका चित्रपटात नायक आजारी आईसाठी औषध आणायला हिरकणीवाडीहून सकाळी निघतो आणि दिवेलागणीच्या आत महाडला जाऊन परत येतो. मोजणीदारांनी रजा काढली, हिरकणीवाडीला गेले आणि तिथून चालत सुटले. महाडला पोचले तेव्हा त्यांच्या टाचा फुटल्या होत्या. त्यांनी लिहिलं, 'नायक चालला ते अंतर तेवढ्या वेळात जाऊन येऊन होत नाही. मात्र आईच्या काळजीने चालणाऱ्याचा वेग मी मोजलेला नाही. सबब संशयाचा फायदा चित्रपटाला.'

हे वाचून मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी टाचांना खोबरेल लावलं आणि चहा मागितला, बिनसाखरेचा.

त्यांच्यासारखा आणखी एक माणूस जगात होता. घाटावर, वाईचा एक कंपाउंडर. तोही तिकडच्या कुठल्याशा पत्रात असल्याच चित्रपटांवर लिहायचा. दोघांची कार्डं चालायची. एकदा त्यांनी भेटायचं ठरवलं, पोलादपूरच्या एस.टी. स्टँडवर. चेहरे ओळखीचे नव्हते, पण भांडण पाच मिनिटांत सुरू झालं. एका चित्रपटाचा शेवट मुद्दाम तोडलेला होता की शेवटचं रीळच आलं नव्हतं, यावर. कंपाउंडरची गाडी निघून गेली, मोजणीदारांची निघून गेली, दोघं तिथेच बाकावर बसून एकमेकांना मूर्ख ठरवत राहिले. परत आल्यावर मी विचारलं, "कशी झाली भेट?"

"उत्तम," ते म्हणाले. "माणूस हट्टी आहे. बऱ्याच दिवसांनी कुणी माझं ऐकून घेतलं."

आता पंचांचं सांगतो. परीक्षणात मोजणीदारांचं स्वतःचं मत नसायचं. अंतर, वेळ, उजेड, कोण कुठून आलं, कुठे गेलं, एवढं ते लिहायचे. बरं की वाईट, हे बघणाऱ्या पाच जणांनी सांगायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या पाच जणांना गाठत, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेत, वाचून दाखवत आणि सही घेत. पाच म्हणजे पाच. एकदा पाचवा पंच सही न करता मुंबईला निघून गेला, तेव्हा मी जागा भरायला तिथे 'मोजणीदार' असंच टाकलं. अरे बापरे! शनिवारी सकाळी ते छापखान्यात आले आणि माझ्या टेबलावर फूटपट्टी आपटली.

"मोजणारा पंच होत नाही! उद्या ही फूटपट्टी म्हणेल मी बारा इंच आहे, मीच साक्ष देते. चालेल तुम्हाला?"

मी हात जोडले. त्यांनी पुढच्या अंकात शुद्धिपत्रक घालायला लावलं, आणि त्याचं प्रूफ स्वतः तपासलं. तो अपमान मी गिळला, पण विसरलो नाही. हे लक्षात ठेवा.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे नोटीस. मोजणीपूर्वी जमीनमालकाला नोटीस द्यावी लागते, म्हणून चित्रपटाच्या निर्मात्यालाही द्यायची. पेटीवरचा पत्ता उतरवून घेत आणि कार्ड टाकत: 'आपल्या चित्रपटाची मोजणी अमुक वारी मौजे महाड येथे होईल. समक्ष हजर राहावे. न राहिल्यास आपल्या गैरहजेरीत पुरी करण्यात येईल.' खाली 'मोजणीदार' आणि माझ्या छापखान्याचा पत्ता. इतक्या वर्षांत त्या नोटिशीला कुणी कधी उत्तर दिलं नाही. फक्त एक जण आला.

तो पुण्याहून आला. तिशीचा, काटकुळा, खांद्याला पिशवी. कार्ड सरकारी आहे असं समजून तो आधी मोजणी कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "सर्व्हे नंबर?"

"माझी जमीन नाही हो. चित्रपट आहे."

"शेतीचा की बिनशेती?"

"तसा... शेतीचाच."

"मग तलाठ्याचा दाखला आणा," कारकून म्हणाला.

शेवटी कुणीतरी त्याला माझ्याकडे आणून सोडलं. मी खुलासा केला तेव्हा तो मटकन स्टुलावर बसला. मला वाटलं, चिडेल. तर त्याच्या डोळ्यांत पाणी.

"म्हणजे कुणीतरी खरंच लिहिणार आहे?" तो म्हणाला.

त्याने दोन मित्रांना घेऊन, वर्षभर सुट्ट्या काढून तो चित्रपट केला होता. एका म्हाताऱ्याची म्हैस जाते आणि तो तिला हाका मारत डोंगर पालथे घालतो. बस्स. म्हाताऱ्याचं काम त्याच्या मामानेच केलं होतं. पुण्यात तो कुणी लावला नाही. आमच्या तंबूवाल्याने घेतला, कारण पेटी फुकट होती. या दिग्दर्शकाच्या थोरल्या भावाचं काचसामानाचं दुकान होतं, आणि भावाने त्याला बजावलं होतं, की चित्रपटावर लिहिणाऱ्या एका तरी माणसाने स्वतःचं मत छापून दिलं की हे काम बघण्याजोगं आहे, तर मी आड येत नाही, खुशाल दुसरा काढ. नाहीतर सोमवारपासून दुकानात बस. दुसऱ्या चित्रपटाची वही त्याच्या पिशवीत होती. त्याने ती मला दाखवली. पानं दोन्ही बाजूंनी भरलेली.

एरवी मंगळवारी दोन खेळ असत, या वेळी दोन दिवसांत दोनच झाले. मोजणीदारांनी तो समोरून बघितला, मागून बघितला. बाहेर बसून ऐकायला मात्र तिसरा खेळच उरला नव्हता. सकाळी बाजारात ते पंच गोळा करायला निघाले, आणि दिग्दर्शक त्यांच्यामागून दहा पावलं अंतर ठेवून. मालकाने जबाबाच्या वेळी जवळ उभं राहायचं नाही, असं त्यांनी त्याला बजावलं होतं. मीही गेलो. मजा बघायला, खोटं कशाला बोलू.

दासगावचा एक शेतकरी म्हणाला, "म्हस गावली का नाय ते सांगितलाच नाय. मग आमी यवढा येळ बसलो ते कशापायी?" तसंच लिहून घेतलं. शाळामास्तर म्हणाले, "छायाचित्रण स्वच्छ आहे. बोध मात्र निघत नाही." शेंगावाला म्हणाला, "मानसा उठून जाईत नव्हती. पन शेंगा बी घेईत नव्हती. असा माज्या धंद्यात पयल्यांदा झाला."

चौथी एक म्हातारी. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातल्या वाडीवर राहणारी, जनावरं राखणारी. लोणी विकायला आली होती आणि लेकीकडे मुक्कामाला राहून तिने आदल्या संध्याकाळी आयुष्यातला पहिला चित्रपट पाहिला होता. तिने विचारलं, "त्या म्हाताऱ्याला कुनी सांगितला का नाय, म्हस खालच्या अंगाला बघ म्हनून?"

"ते चित्रपटात नाही आजी," मोजणीदार म्हणाले. "तुम्हाला कसा वाटला ते सांगा."

म्हातारीने लोण्याचं मडकं खाली ठेवलं. "हाका समदीच मारतात रे. पन तो हाक मारून गप ऱ्हातो. ऐकतो. म्हस लांबून हंबरंल म्हनून वाट बघतो. ज्याची म्हस गेलीय ना, तोच असा गप ऱ्हातो. तो मानूस खोटा नाय."

मोजणीदारांनी हे लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. शाई पुसायला त्यांनी तिला स्वतःचा रुमाल दिला. असं त्यांनी पूर्वी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

पाचवा एस.टी.चा ड्रायव्हर. तो म्हणाला, "साहेब, मी झोपलेलो. खोटी सही कशी करू?"

"झोपेचा पंचनामा होत नाही," मोजणीदार म्हणाले. आणखी कोण कोण आलं होतं त्याची त्यांनी चौकशी केली. बाकीचे आपापल्या गावी पांगले होते. दुपारी मोजणीदारांना शिवथरला जायचं होतं, तीन आठवड्यांच्या मोजणीवर. दिग्दर्शक पुढे झाला. त्याने विचारलं, "तुम्हाला स्वतःला कसा वाटला?"

मोजणीदारांनी चष्मा पुसला. "माझं म्हणणं शनिवारी कागदावर येईल. तिथे बघा."

जाता जाता ते मजकूर माझ्याकडे टाकून गेले. मी शुक्रवारी दुपारी खिळे जुळवायला बसलो. चार जबाब झाले, आणि पाचव्या पंचाच्या जागी बघतो तर मोजणीदारांची स्वतःची सही! वर एक वाक्य. ते काय होतं ते सांगतो, पण मी काय केलं ते आधी सांगू द्या, नाहीतर सांगायचं धाडस व्हायचं नाही.

मला आनंद झाला. पकडलं, म्हटलं! मला फूटपट्टी आपटून दाखवता काय, आणि आता स्वतःच पंच होऊन बसलात. दमले असतील, चुकून झालं असेल, आपण सुधारू, असंही मनाशी म्हटलं, पण ते मागाहून. वाक्य वाचलं होतं मी, पण माझं सगळं ध्यान त्या सहीत. मी ते वाक्य आणि सही काढून टाकली, 'पाचवे पंच गैरहजर' असं घातलं, आणि उरलेल्या जागेत पाचाडच्या एका हरवलेल्या बैलाची जाहिरात बसवली. मूळ कागद रिवाजाप्रमाणे तारेला टोचून ठेवला.

शनिवारी सकाळी दिग्दर्शक माझ्या दारात अंकाची वाट बघत उभा होता. ओली शाई हाताला लागत होती तरी त्याने अंक घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. शेतकऱ्याच्या जबाबाला मान हलवली. म्हातारीचं वाचून हसला, पुन्हा वाचलं. मग बैलाची जाहिरात वाचली. अंक उलटून मागचं पान बघितलं.

"मोजणीदारांचं म्हणणं?"

मी म्हटलं, "ते कधीच लिहीत नाहीत. नियम आहे त्यांचा."

"पण ते म्हणाले होते, कागदावर येईल."

तारेला टोचलेला कागद माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर होता. नुसता हात मागे करायचा होता. पण संपादकाने दुसऱ्याच्या मजकुरात हात घातला हे कबूल करायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "पंचांचं म्हणणं तेच त्यांचं म्हणणं."

"हं," तो म्हणाला. "म्हणजे त्यांना काही वाटलं नाही."

त्याने अंकाची घडी केली, वहीशेजारी पिशवीत ठेवली, मला नमस्कार केला आणि स्टँडकडे गेला. मी पुढचे अंक छापायला लागलो.

आठ-दहा दिवसांनी मोजणीदारांच्या नावाने छापखान्यावर कार्ड आलं. उघडं कार्ड, मी वाचलं. 'आपली नोटीस मिळाली होती त्याबद्दल ऋणी आहे. दुकानात बसू लागलो आहे. यापुढे माझ्या चित्रपटाच्या मोजणीचा प्रश्न उद्भवणार नाही.'

ते शिवथरहून परतले तेव्हा मी आधी अंक पुढे केला आणि मग कार्ड. अंक देताना चूक कशी सुधारली तेही सांगितलं. त्यांनी दोन्ही वाचलं. फूटपट्टी टेबलावरच होती. मी तिच्याकडे बघत होतो. आपटली असती तर मी सुटलो असतो.

"नियमाने बरोबर आहे," ते म्हणाले आणि चहा न घेता गेले.

त्यांनी त्या पुण्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं. घेणारा जागा सोडून गेल्याचा शेरा घेऊन ते परत आलं. कुठलं दुकान, कुठली पेठ, मी विचारून ठेवलं नव्हतं. त्यानंतर मोजणीदारांनी मला एकही परीक्षण दिलं नाही. भांडले नाहीत, बोलणं सोडलं नाही. यायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे, चहा घ्यायचे. तंबूत मात्र जायचे नाहीत. दीडेक वर्षांनी त्यांची बदली झाली. मी स्टँडवर पोचवायला गेलो, तेव्हा सांगायचं ठरवलं होतं की मला क्षमा करा. सांगितलं काय, तर वळकटीची दोरी सैल आहे.

मागच्या महिन्यात वाईच्या कंपाउंडरचं कार्ड आलं. मोजणीदार गेले. हट्टी माणूस होता, असं त्याने लिहिलं होतं.

तारेचा तो कागद मी टाकला नव्हता. मधोमध भोक आहे, पण अक्षर शाबूत आहे. तेव्हा हे शुद्धिपत्रक. पुण्यात काचसामानाच्या दुकानात बसणाऱ्या कुणी हे वाचलं, तर त्यांनी पाचव्या पंचाचा जबाब पुढीलप्रमाणे वाचावा:

'मी, सदर मोजणीचा मोजणीदार, नियम माहीत असून पंच म्हणून लिहून देतो की, हा चित्रपट दोन वेळा पाहिला आणि दोन्ही वेळा मोजायचे विसरलो.'